इस्त्रीखालची भटकंती

राखाडी सुती टी-शर्टच्या छातीवर एकच शब्द आहे: भटकंती. विटकरी रंगातलं, चमक नसलेलं, सपाट अक्षर. त्याला सावली नाही, किनार नाही, खाली इंग्रजीत काही नाही. सोबत पांढऱ्या कॅनव्हासचे बूट. डाव्याच्या बाहेरच्या अंगाला ‘थांब’, उजव्याच्या बाहेरच्या अंगाला ‘चल’. माझ्या भाचीनं हे घरी केलं. हाताशी छोटं कटिंग मशीन होतं, व्हिनाइलचा रोल होता आणि रोजची इस्त्री. गडांवर हिंडणाऱ्या मुलीनं छातीवर ‘भटकंती’ लिहावं यात नवल नाही. नवल आहे ते लिहिण्यात.

हे काम आपल्या रस्त्यांना जुनंच ओळखीचं आहे. रिक्षांच्या पाठी, मोटरसायकलींच्या टाक्या आणि नंबरप्लेटी सजवणारा रेडियमवाला हेच करत आला. रेडियम नावाच्या धातूचा त्याच्या दुकानाशी काडीचा संबंध नसतो, पण नाव पक्कं बसलं आहे. तो चिकटपट्टीसारखं व्हिनाइल कापतो आणि पत्र्यावर चिकटवतो. कापडाचं व्हिनाइल थोडं वेगळं. एक पातळ पापुद्रा, बहुधा पॉलियुरेथेनचा. एका अंगाला उष्णतेनं वितळणारा गोंद, दुसऱ्या अंगाला पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म. मशीनचं पातं गोंदाच्या बाजूनं शिरतं, पापुद्रा कापतं आणि फिल्मपाशी थांबतं. त्यामुळे शब्द कापायचा तो उलटा, आरशातला. ही गोष्ट विसरली की छातीवर जे उमटतं ते वाचायला समोरच्याला आरसा आणावा लागेल.

आता अक्षरांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. रोमन लिपीतला शब्द व्हिनाइलमधून कापला की सुट्या बेटांची रांग मिळते. देवनागरीला शिरोरेषा आहे. ‘भटकंती’ कापून, सभोवतालचं नको असलेलं सोलून काढलं, की ट, क, ती एकाच दांडीला लटकलेले राहतात. चिमट्यानं टोक धरून उचलावं तर जवळजवळ अख्खा शब्द सोबत उठतो. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा हीच शिरोरेषा अक्षरागणिक सांध्यांनी जोडलेली असे, आणि झिजलेल्या खिळ्यांत ते सांधे दिसतही. इथे ती एकसंध आहे. पण आपोआप नाही. संगणकात मराठी शब्दातली अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर किंचित चढलेली असतात. डोळ्याला ते दिसत नाही, पात्याला दिसतं. ते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि सांध्याशी बारीक चौकटी पाडतं. कापण्याआधी सगळे आकार एकात एक वितळवावे लागतात. सॉफ्टवेअर त्याला ‘वेल्ड’ म्हणतं. शर्टावरची रेषा मी भिंग घेऊन पाहिली. एकही सांधा नाही.

त्या रेषेत एक खंड मात्र आहे, आणि तो असायलाच हवा. भ च्या डोक्यावर रेषा तुटते. ती तुटली नाही तर म दिसेल. ‘भटकंती’ अशी सुरुवातीलाच फटीतून आत शिरते, आणि मग सरळ रेषेत चालू लागते. भाचीनं ती फट नेहमीपेक्षा थोडी रुंद ठेवली आहे. बरोबरच आहे. इस्त्रीच्या दाबाखाली मऊ पडलेला पापुद्रा जरा पसरला तरी फट बुजत नाही.

दुसरी जागा क च्या पोटातली. बंद वळणाच्या आतला तुकडा सुईनं टोचून काढावा लागतो, आणि तो निघताना शेजारची अक्षराची भिंत ओढून घेतो. म्हणून फाँटची निवड ही नुसत्या आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा गुबगुबीत फाँट पडद्यावर फार लोभस दिसतो, पण त्याच्या अक्षरांमधल्या मोकळ्या जागा केसाएवढ्या. त्या लहान आकारात सोलायला गेलं तर संयमाची परीक्षा आणि बहुधा नापास. तिनं त्याच घराण्यातला ‘बालू’ घेतला: जाड, गोलसर, पोटं मोकळी. गोल कोपऱ्यांचा आणखी एक गुण आहे. धुण्यात पापुद्रा सुटतो तो टोकदार कोपऱ्यापासून. इथे सुटायला टोकच नाही.

आणि अनुस्वार. सगळा शब्द शिरोरेषेच्या आधारानं उभा असताना हा एकटाच वर तरंगतो. त्याला चिकटायला जागा सगळ्यांत कमी, धुण्यात गळायचा धोका सगळ्यांत जास्त. गळला तर भटकंतीची ‘भटकती’ होईल, म्हणजे अर्थ अगदीच जाणार नाही, पण ‘थांब’चा ‘थाब’ झाला तर काय करायचं? तिनं दोन्हीकडे अनुस्वार मोठा केला आहे, ती ची वेलांटी आणि तो यांच्यात पुरेसं अंतर ठेवलं आहे. दुरून पाहिलं तर शर्टावरचा तो ठिपका टिकलीसारखा उठून दिसतो. सोयीसाठी केलेला बदल देखणा ठरला, असं क्वचित होतं.

चिकटवण्याची कृती सांगण्यात फार वेळ घालवत नाही. असल्या व्हिनाइलला साधारण 150 अंश सेल्सियस उष्णता आणि 10 ते 15 सेकंद दाब लागतो. इस्त्रीच्या चकतीवरचे दोन ठिपके त्याच तापमानाचे. वाफ बंद हवी, आणि इस्त्रीचं गादीदार टेबल नको, खाली टणक पाट हवा. गादी दाब गिळून टाकते. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, तिथे उष्णता पोचत नाही, म्हणून ती सरकवत नेण्याऐवजी उचलून शेजारी ठेवायची. पहिल्या धुण्याआधी एक दिवस थांबायचं, आणि शर्ट उलटा करून धुवायचा.

यातली एक पायरी मात्र रसिकानं पाहण्यासारखी आहे. फिल्म काढल्यावर अक्षरांवर बेकिंगचा कागद ठेवून तिनं पुन्हा एकदा दाब दिला. त्यानं पापुद्र्याची प्लास्टिकी चकाकी गेली आणि कापडाची वीण अक्षरांच्या पृष्ठभागावर उमटली. तिरप्या उजेडात पाहा: विटकरी रंगात बनियनच्या विणीच्या बारीक उभ्या रेघा दिसतात. अक्षर कापडावर ठेवलेलं वाटत नाही, कापडाचंच वाटतं. फोटो छापलेल्या ट्रान्सफर कागदाचे टी-शर्ट मला यामुळेच कधी भावले नाहीत. छातीवर एक चौकोनी पत्रा बसवल्यासारखं होतं, आत घाम आणि वर भेगा. डीटीएफमुळे, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर दाबायच्या पद्धतीमुळे, हव्या त्या रंगांची चित्रं आता कोणालाही छापून मिळतात, आणि ती चिकटतातही चांगली. पण तिथे अक्षराच्या आतबाहेरचं काही सोलायचं नसतं, आणि सोलायचं नसलं की अक्षराच्या आतल्या जागेचा विचार करायची कुणाला गरज पडत नाही.

बाहीवर तिनं सोनेरी चमकीचं एक पाऊलही लावलं आहे, ते मात्र मी काढून टाकलं असतं. चमकीचं व्हिनाइल जाड असतं, बाहीच्या मऊ कापडावर ते ताठ उभं राहतं. शिवाय छातीवरचा शब्द जे सांगतो तेच ते मोठ्यानं ओरडून सांगतं.

बुटांवर मात्र तिची बुद्धी पुन्हा जागेवर आहे. बोटांपाशी पाय दुमडतो, तिथे पापुद्र्याला घडी पडते आणि घडीवर तडा जातो. पुढच्या रबरी टोपीवर हा गोंद धरत नाही, आणि इस्त्री तळव्याजवळ नेली तर तळवा चिकटवणारा गोंदच ढिला पडतो. उरते ती बाहेरची बाजू, दोरीच्या भोकांखालची. बुटात घट्ट गुंडाळलेला टॉवेल कोंबून तिनं ती ताठ केली आणि प्रवासी इस्त्रीच्या टोकानं दाब दिला. ‘थांब’ आणि ‘चल’ हे दोन्ही एकाच वेळी कुणालाही दिसत नाहीत. डावीकडून जाणाऱ्याला थांबायचा हुकूम, उजवीकडून जाणाऱ्याला चालायचा. थ ची शिरोरेषा तुटलेली, चल ची सलग. हे तिनं ठरवून केलं का, मी विचारलं नाही. ‘चल’मधला ल पाकळ्यांचा आहे, 2009च्या शासन निर्णयात मराठीसाठी ठरवलेला. बरेच फाँट आपणहून हिंदी वळणाचा ल देतात, मराठी भाषा निवडली तरच हा बाहेर येतो, आणि काही कटिंग सॉफ्टवेअर ती निवड मानतही नाहीत. त्यासाठी तिनं शब्दाचा आधी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार करून घेतला.

टाचांवर गड आहेत. डाव्या टाचेवर राजगड, उजव्या टाचेवर तोरणा, फक्त काळी छायारेषा. सिंहगडावरून पाहिलं की हे दोघे ह्याच क्रमानं दिसतात. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा उंचवटा आणि तोरण्याचा बुधला गडांची ओळख असलेल्या माणसाला लगेच कळतात. टाचेच्या मधोमध कॅनव्हासची उभी पट्टी शिवलेली असते. तिच्या उंच टाक्यांवर दाब अडकतो आणि आजूबाजूचं व्हिनाइल अधांतरी राहतं. म्हणून दोन्ही गड तिनं आतल्या अंगाला सरकवले, आणि त्यातून एक गोष्ट साधली: टाचा जुळवून उभं राहिलं की डोंगराची धार एकीतून दुसरीत जाते. राजगड–तोरणा ही चाल ज्यांनी केली आहे त्यांना ही धार पायांनी ठाऊक आहे.

ही जागा टिकण्याच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट आहे. चालताना घोटे इथेच एकमेकांना घासतात, आणि राजगडाची कड एका बाजूनं आत्ताच उचलली गेली आहे. ती पुन्हा दाबता येईल, निदान एकदोनदा. ‘गड आतल्या अंगाला नको, बाहेरच्या अंगाला घे,’ असं मी तिला सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, ‘मामा, मग ते जोडले कुठे जाणार?’ आणि बूट घालून मुळशीच्या चिखलात गेली. परतली तेव्हा कॅनव्हास घोट्यापर्यंत तांबडा झाला होता. व्हिनाइलवरचा चिखल ओल्या फडक्यानं लगेच निघाला, कॅनव्हासमधला निघणार नाही.