सर नसतात तेव्हाचा वर्ग

मराठीत शाळेची गोष्ट सांगायची झाली की बहुतेक वेळा एक सर किंवा बाई येतात आणि बिघडलेला वर्ग सुधारतो. हे सर छडी मारत नाहीत. मुलांच्या घरी जाऊन येतात, कोण उपाशी आलंय ते ओळखतात. शेवटी आपल्याला रडू येतं. मलाही येतं. पण डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो या गोष्टी क्वचितच विचारतात. सरांची बदली झाली की त्या वर्गाचं काय होतं?

गडहिंग्लज तालुक्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ही ठरलेली गोष्ट आहे. लाडक्या गुरुजींना निरोप देताना मुलं ओक्साबोक्शी रडतायत, असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. नवीन गुरुजी आल्यावर तीच मुलं एकमेकांशी कशी वागतात, हे मात्र कुणी शूट करत नाही.

हा प्रश्न डोक्यात ठेवून मी 'दहावी फ' पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा 2002 सालचा. मार्कांवरून तुकड्या पाडलेली शाळा, आणि त्यात सगळ्यात शेवटची 'फ'. या तुकडीतल्या बऱ्याच मुलांच्या घरी पैशांची ओढाताण आहे. शाळेत सतत अपमान होतो. एक दिवस चिडून ही मुलं प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णींनी केलेले देशमुख सर त्यांना वाऱ्यावर सोडत नाहीत आणि सोडूनही देत नाहीत. जे मोडलं ते तुम्हीच कष्ट करून, पैसे उभे करून पुन्हा उभं करा, असा मार्ग ते काढतात.

पूर्वी मला या सिनेमात सरांची भाषणं आवडायची. आता वाटतं, त्याचा खरा जीव त्या कामात आहे. पैसे जमवायचे म्हटल्यावर मुलांना एकमेकांची गरज लागते. एक जण आला नाही तर दुसऱ्यावर भार पडतो. जो अभ्यासात मागे आहे त्याला बाहेरचं काम चांगलं जमतं आणि हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसतं. 'एकजुटीने राहा' असा फलक प्रत्येक शाळेत भिंतीवर असतो. तो वाचून कुणी एकजूट झाल्याचं मी पाहिलेलं नाही. एकत्र फेडायची भरपाई अंगावर आल्यावर मात्र 'फ' हा खरोखरचा वर्ग होतो.

सिनेमाची कच्ची बाजू मला एका मुलीने दाखवली. ओळखीतल्या नववीच्या काही मुलांसोबत मी तो पाहत होतो. मध्येच ती म्हणाली, "पण प्रयोगशाळा तर समद्यांचीच हाय न्हवं? मग 'अ' तुकडीतलं कोण मदतीला का येत न्हाई?" बरोबर आहे. मोडतोड 'फ'ने केली, पण तिच्यामागचा अपमान अख्ख्या शाळेने केलेला होता. 'अ'ला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही. सिनेमा तुकडीतल्या मुलांना बदलतो, पण तुकड्या पाडणारी शाळा बऱ्यापैकी आहे तशीच राहते. त्यातून सगळी दोरी देशमुख सरांच्या हातात. ते बाजूला झाले तर पुढच्या वर्षीच्या 'फ'ने कुणाकडे बघायचं?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) याच्या उलट टोकाची. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र. प्रेमाची गोष्ट म्हणून ती अनेकांना पाठ आहे. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या मुलांची खरी शाळा भरते ती अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये. तिथे ती एकमेकांना सगळं सांगतात, ऐकून घेतात, सांभाळतात. म्हणजे एकमेकांना धरून राहायचं कसं हे मुलांना चांगलं येतं. वर्गात मात्र ते वापरायला जागाच नाही. बोकील त्यावर टीका करत बसत नाहीत, नुसतं दाखवतात, आणि म्हणून ते जास्त लागतं.

मग ती जागा वर्गात करता येते का? याचं उत्तर मला मराठीत 'प्रिय बाई' या नावाने आलेल्या पुस्तकात सापडलं. मूळ पुस्तक इटालियन, 1967 सालचं. फ्लोरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाच्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली मुलं तिथे येत. त्यातल्या आठ मुलांनी मिळून, नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेलं हे भलंमोठं पत्र. तिथला नियम असा, की ज्याला समजलं नाही तोच सगळ्यात महत्त्वाचा. त्याला समजेपर्यंत पुढे जायचं नाही. मोठी मुलं लहानांना शिकवत. शिकवणाऱ्यात आणि शिकणाऱ्यात एखाद्या वर्षाचंच अंतर असे.

या पुस्तकाकडे भाबडेपणाने पाहू नये. तिथे सुट्टी नव्हती, रविवारीही शाळा. मिलानी प्रेमळ होते तसे कडकही होते. आजच्या मुलांना तिथे एक आठवडा काढणं जड जाईल. पण पुस्तकाच्या लेखकाच्या जागी धर्मगुरूंचं नाव नाही, मुलांच्या शाळेचं आहे. ते छापून आलं त्याच वर्षी मिलानी वारले. सर गेले तरी वर्ग बोलत राहिला. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला मिळालेलं नाही.

इटली लांब आहे म्हणाल, तर कोल्हापूर जवळ आहे. लीला पाटील यांनी तिथे 1985 मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. शिक्षकांना घडवण्याचं काम वर्षानुवर्षं केल्यावर त्या लहान मुलांच्या शाळेकडे वळल्या, हे मला फार बोलकं वाटतं. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं'. या नावातला क्रम बघा. आधी मुलं लिहितात, मग त्यावरून शिक्षक शिकवतात. मूल जे लिहितं ते तपासून बाजूला ठेवायचं नसतं, त्यातून पुढचा पाठ निघतो. अशा शाळांचं कौतुक करताना आपण एक चलाखी करतो. 'लीलाताईंसारखं कुणाला जमणार' म्हणतो आणि सुटतो. कौतुकही कधी कधी टाळण्याचा रस्ता असतो.

गडहिंग्लजला तर हे टाळणं परवडणारंच नाही. हा सीमेवरचा भाग. संकेश्वर जवळ, आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांत बोलणं कन्नडमध्ये. अशा घरातलं मूल पहिलीत मराठी शाळेत बसतं तेव्हा बाईंचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं. त्याला पहिली मदत होते ती शेजारी बसलेल्या पोराची. 'नीरु' म्हणजे पाणी, हे ते पोरगं हळूच सांगतं आणि बऱ्याचदा 'बोलू नको' म्हणून ओरडा खातं. ज्या वर्गात शेजाऱ्याला समजावून सांगणं हा गुन्हा आहे, तिथे बाई कितीही मायाळू असल्या तरी ते मूल एकटंच राहतं. शेजाऱ्याला समजावणं हेच ज्या वर्गाचं काम आहे, तिथे बाईंची बदली झाली तरी त्या मुलाच्या बाकावर कुणीतरी असतं.

हे इथल्या पोरांना समजावून सांगायचीही गरज नाही. गडहिंग्लज फुटबॉलचं गाव. मैदानावर बचाव करणारा एक खेळाडू कच्चा असेल तर तो सगळ्या टीमचा प्रश्न असतो; बाकीचे त्याला ओरडतात, पण सरावाला घेऊनही जातात. तीच पोरं वर्गात आली की शेवटच्या बाकावरचा कच्चा विद्यार्थी हा फक्त त्याचा आणि त्याच्या आईबापाचा प्रश्न होतो. मैदानावर सगळ्यांचा मिळून एक स्कोअर असतो, वर्गात प्रत्येकाचा वेगळा. फरक मुलांच्या मनात नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे.

म्हणून 'दहावी फ' जरूर पाहा, 'शाळा' वाचली नसेल तर वाचा, आणि 'प्रिय बाई' मिळवून वाचाच. फक्त पाहताना-वाचताना सरांवरची नजर थोडी हटवा. कोणतं मूल कोणत्या मुलाच्या उपयोगी पडतंय आणि तसं पडायला त्याला वाव कुणी दिलाय, ते शोधा. चांगला शिक्षक मिळणं नशिबावर आहे. शेजारी बसलेल्याला उत्तर समजावून सांगायची परवानगी द्यायला मात्र नशीब लागत नाही आणि सरकारी आदेशही लागत नाही.