मोहल्ला समित्या आणि नागरिकांचा शब्द

आशुतोष वार्ष्णेय यांचा ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. हिंदू-मुसलमानांतील शेजारपाजारचे नित्य संबंध आणि व्यापारी मंडळे, कामगार संघटना यांतून जडणारे संघटित संबंध असा भेद करून, मोठ्या शहरांत दुसरेच अधिक टिकाऊ ठरतात, असे ग्रंथकारांचे प्रतिपादन आहे. भिवंडीचा दाखला त्यास पोषक आहे. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांचे रहिवासी पोलिसांसमवेत बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताही भिवंडी शांत राहिली.

ग्रंथकारांचा निष्कर्ष मान्य होण्याजोगा आहे. तथापि त्यांचा भर परस्परसंपर्कावर आहे. संपर्कातून निघालेल्या सूचनेचे पुढे काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय. समिती अधिकाऱ्याच्या प्रेरणेने जन्मते. त्याच्या बदलीनंतर तिच्या शब्दाला वजन राहीलच, याची शाश्वती नसते. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत नियोजित पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसाचार उसळला. दोन पोलीस शिपाई मारले गेले. गोळीबारातही माणसे दगावली. वाद दोन समाजांतला नव्हता, तर रहिवासी व शासन यांच्यातला होता. अशा प्रसंगी केवळ आंतरधर्मीय सलोखा पुरेसा पडत नाही. निर्णयापूर्वी रहिवाशांचे म्हणणे विचारात घेतले जाणे आवश्यक असते.

म्हणून पुढील अभ्यासकांनी समित्यांच्या संख्येबरोबरच त्यांच्या कोणत्या सूचना अमलात आल्या व कोणत्या का नाकारल्या गेल्या, याचीही नोंद करावी.