पिवळे कार्ड कोणी पाहावे?

सिकलसेल तपासणीचा निकाल ज्यावर लिहून मिळतो ते कार्ड आपल्यापैकी अनेक शिक्षकांनी हाताळले असेल. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागातील आश्रमशाळांत शिकवणाऱ्यांना तर ते मुळीच नवे नाही. महाराष्ट्राच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात रंगांची एक खूण रूढ झाली आहे. निरोगी व्यक्तीला पांढरे कार्ड, वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल. पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये, एवढा सोपा संदेश त्यामागे आहे. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा रोग संपवायचा, असे त्याचे उद्दिष्ट ठरले. आता निकाल कार्डावर लिहिला जातो तसाच तो पोर्टलवरही चढतो.

तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप कार्डाच्या घडणीला आहे. एका माणसाची वैद्यकीय माहिती कोणाला, किती आणि कशासाठी कळावी, हा प्रश्न ते कार्ड तयार करताना पुरेसा विचारलेला दिसत नाही.

आधी थोडे विज्ञान पाहू. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबीन हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की प्राणवायू कमी पडताच हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. हा एवढासा बदल घडवणारे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तर मूल रुग्ण होते. त्याला आपण एसएस म्हणतो. एकाकडूनच आले तर मूल वाहक, म्हणजे एएस. वाहकाला सहसा काहीही त्रास होत नाही, त्याला औषधही लागत नाही. उलट, वाहकांना घातक प्रकारच्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले ते याच कारणाने.

आता तपासणीकडे येऊ. शिबिरात प्रथम केली जाते ती विद्राव्यता चाचणी. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ झाले तर रक्तात सिकल हिमोग्लोबीन आहे, एवढेच कळते. ते मूल वाहक आहे की रुग्ण, हे ही चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावी लागते. मधल्या काळात शाळेच्या नोंदवहीत ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द पडला तर त्याचा अर्थ काय? एका मुलाच्या बाबतीत ‘काळजीचे कारण नाही’, तर दुसऱ्याच्या बाबतीत ‘आयुष्यभर उपचार लागतील’. दोन टोकांचे अर्थ एकाच शब्दात कोंबणाऱ्या नोंदीला मी वैद्यकीय नोंद म्हणणार नाही. पण वर्गात, वसतिगृहात आणि गावात पोचते ती बहुधा हीच नोंद, कारण ती सर्वांत आधी होते.

आता समजा, आठवीतल्या दोन मुली आहेत, एक रुग्ण आणि एक वाहक. रुग्ण मुलीच्या वसतिगृहाच्या गृहपालांना तिचे निदान ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. तिला भरपूर पाणी मिळाले पाहिजे, थंडीत उघड्यावर आंघोळीला उभे करता कामा नये, ताप आला तर वाट पाहत बसायचे नाही आणि हातपाय दुखतात म्हणाली तर ते कामचुकारपणाचे सोंग समजायचे नाही. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले असेल तर त्याच्या वेळा पाळायच्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश आहे. त्याचे लाभ घ्यायचे तर प्रमाणपत्र दाखवावेच लागते. इथे माहिती दडवणे मुलीच्या जिवावर बेतू शकते. वाहक मुलीचे काय? तिच्या निकालातून शाळेने करण्यासारखे काहीच निघत नाही. वर्गशिक्षक, गृहपाल, स्वयंपाकीण, मुख्याध्यापक, कोणालाही तो कळण्याची गरज नाही. तरीही दोघींची नावे एकाच तक्त्यात, एकाखाली एक येतात आणि तो तक्ता एकाच कपाटात राहतो.

शिवाय आनुवंशिक निकाल हा कधीच एकट्या मुलीचा नसतो. मुलगी एसएस निघाली, तर आई आणि वडील दोघांच्याही अंगी हे जनुक आहे, हे न तपासता कळते. ती एएस असेल, तर दोघांपैकी निदान एकाकडे ते आहे. घरातल्या सर्वांची तपासणी झाली, मुलगी एएस आली आणि आईवडील दोघेही पांढऱ्या कार्डाचे निघाले, तर गावात कोणती कुजबुज सुरू होईल ते सांगायला नको. प्रयोगशाळेची चूक ही शक्यता कोणाच्या मनातही येणार नाही. रक्ताचा थेंब एकीचा, संमती असलीच तर एकाची, आणि माहिती मात्र साऱ्या घराची. रक्तदाब किंवा चष्म्याचा नंबर यांच्या नोंदीपेक्षा ही नोंद वेगळी ठरते ती इथे.

या रोगाचा इतिहास आपल्याला सावध करणारा आहे. सिकलसेल हा रेणूचा रोग आहे, हे १९४९ मध्ये दाखवणारे लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. त्याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये सुचवले, की हे जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमातच पडणार नाहीत! आमच्या डोंगरातल्या आजीबाईंच्या कपाळावरचे गोंदण हौसेचे असते, मानाचे असते. हे गोंदण कोणत्या जातीचे झाले असते, याचा विचार त्या थोर मेंदूला शिवला नाही. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी सक्तीची केली. कायदे करणाऱ्यांनाच वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट ठाऊक नव्हता. परिणामी धडधाकट वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडथळे आले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाचे उदाहरण आपल्या परिस्थितीला याहून जवळचे आहे. शेतकऱ्यांचे गाव, लग्ने बहुतेक ठरवून होणारी आणि वाहकांचे प्रमाण मोठे. तिथे साऱ्या गावाची तपासणी करून लोकांना निकाल व सल्ला दिला गेला. काही वर्षांनी स्टामाटोयानोपोलोस यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाहकांवर गावात शिक्का बसला होता, काहींनी लग्न ठरवताना निकाल लपवला होता आणि वाहकांची आपापसांतली लग्ने, निव्वळ योगायोगाने व्हावीत साधारण तितकीच, झाली होती. म्हणजे लाज वाट्याला आली आणि उद्देशही साधला नाही.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर साध्या गणितात आहे. वाहक मुलीचे लग्न पांढऱ्या कार्डाच्या मुलाशी झाले तर त्यांच्या एकाही मुलाला हा रोग होणार नाही. दोघेही वाहक असले, तरच प्रत्येक खेपेस चारात एक अशी शक्यता उभी राहते. म्हणजे धोका हा जोडीचा गुण आहे, एकट्या व्यक्तीचा नाही. पिवळे कार्ड मात्र तो एकट्या व्यक्तीच्या माथी मारते. स्थळ सांगून आलेल्या मुलाकडची माणसे कार्डाचा रंग पाहतात आणि मुलाच्या कार्डाचा रंग विचारायच्या आधीच उठून जातात. नकार बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येतो, हे तर आपल्या समाजात वेगळे सांगायलाच नको.

जोडीच्या प्रश्नाला जोडीनेच उत्तर देणाऱ्या पद्धती जगात आहेत. सायप्रसमध्ये थॅलॅसेमिया फार. तेथे चर्चमध्ये लग्न लावण्यापूर्वी एक दाखला लागतो. दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना सल्ला मिळाला आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. निकाल काय आला हे त्यात नसते, तो फक्त त्या दोघांना कळतो. ज्यू समाजातील डोर येशोरीम ही संस्था १९८० च्या दशकापासून याच्याही पुढे गेली आहे. तिथे तरुणांना नुसता क्रमांक मिळतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की दोन्ही क्रमांक कळवायचे. जोडी जुळते की नाही, इतकेच उत्तर येते. ही पद्धत जशीच्या तशी आपण उचलावी असे मी म्हणत नाही. माणसाला स्वतःचा निकालही न सांगणे मला पटत नाही. पण पत्रिका जुळवण्यात मुरलेल्या आपल्या समाजाला सायप्रसचा दाखला समजायला अवघड जाऊ नये.

संमतीचे काय, हा प्रश्न उरतोच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आम्हा संशोधकांना मुलांवर अभ्यास करायचा तर पालकांची लेखी संमती लागते, सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार लागतो आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. तीच सुई आरोग्य कार्यक्रमात टोचली की ही बंधने लागू होत नाहीत. आश्रमशाळेत तर पालक जवळ नसतातच. हंगामात ते दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेले असतात. अशा वेळी मुख्याध्यापकांच्या सहीने काम भागवण्याचा मोह कोणालाही होईल. चौदा अंकी आभा क्रमांकाच्या योजनेत नोंद पाहण्याआधी रुग्णाची संमती घेण्याची, ती ठरावीक कामापुरती आणि मुदतीपुरती ठेवण्याची कल्पना आहे आणि ती मला चांगली वाटते. परंतु पाड्यावर घरात मिळून एकच मोबाईल असेल, तर ओटीपी ज्याच्या हातात फोन आहे त्याला मिळतो. ती त्या मुलीची संमती कशी?

कायद्याचे संरक्षणही विषम आहे. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. चाचणीआधी समजून-उमजून दिलेली संमती आणि निकालाची गुप्तता या दोन्ही गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. सिकलसेलसाठी तसे काही नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा सर्वांना लागू होईल, पण आरोग्याची आणि आनुवंशिक माहिती विशेष नाजूक मानण्याची जी तरतूद २०१९ च्या विधेयकात होती, ती या कायद्यात उरली नाही. मोबाईल क्रमांक आणि जनुक त्याच्या लेखी एकाच तोलाचे! त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतील मुख्य बंधने लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय हा कायदा डिजिटल नोंदींपुरताच आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटातली कागदी वही, ती संगणकावर चढत नाही तोवर, त्याच्या कक्षेत येतच नाही.

ती वही मात्र आपल्या हातात आहे. वाहकांची नावे तिच्यात नसली तर कोणाचेच काही अडत नाही. रुग्ण मुलांची माहिती गृहपाल आणि आरोग्य केंद्र यांच्यापुरती, बंद पाकिटात ठेवता येते आणि मूल शाळा सोडताना ते पाकीट त्याच्या पालकांना देता येते. विज्ञानाच्या शिक्षकांना आणखी एक विनंती. दहावीला आनुवंशिकता शिकवताना ‘पिवळे कार्ड कोणाकडे आहे?’ असे वर्गाला विचारू नका. उदाहरण डोळ्यांसमोर असले की मोह होतो खरा. त्यापेक्षा दोन पिशव्या घ्या. प्रत्येकीत वीस चिंचोके टाका, त्यांतले दहा एका बाजूने घासून पांढरे केलेले. ही झाली वाहक आई आणि वाहक वडील. मुलांना दोन्ही पिशव्यांतून न पाहता एकेक चिंचोका काढू द्या, फळ्यावर नोंद करू द्या आणि चिंचोका परत पिशवीत टाकू द्या. शंभर वेळा काढले की पांढऱ्या-पांढऱ्या जोड्या पंचविसाच्या आसपास येतात. मग एका पिशवीतले सगळे चिंचोके काळेच ठेवून पुन्हा शंभर वेळा काढायला सांगा आणि या खेपेस किती पांढऱ्या जोड्या आल्या ते मुलांनाच मोजू द्या.