माहलरची ‘पुनरुत्थान’ सिंफनी : मार्थेच्या उंबरठ्यावर

गुस्ताव माहलर ह्या संगीतकाराची दुसरी सिंफनी सुमारे ऐंशी मिनिटे चालते. तिला प्रचंड वाद्यवृंद लागतो. दहा हॉर्न, ऑर्गन, घंटा आणि शिवाय रंगमंचाबाहेर उभे राहून वाजविणारे वादक. दोन एकलगायिका लागतात आणि मोठा गायकवृंद लागतो. परंतु हा गायकवृंद पहिला तासभर तोंडातून अवाक्षर न काढता नुसता बसून असतो. आपल्या देवळातील गायनमंडळाला प्रवेशगीतापासून काम असते. तासभर गप्प बसण्याची आज्ञा झाली तर ते रुसून बसेल! येथे मात्र ते मौन संगीतकाराने हेतुपुरस्सर योजलेले आहे. ह्या कृतीचा खरा आशय त्या दीर्घ प्रतीक्षेतच आहे, असे आमचे मत आहे.

ही सिंफनी जगभर ‘पुनरुत्थान’ ह्या नावाने ओळखली जाते. त्यामुळे श्रद्धावंत श्रोत्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. हे पुनरुत्थान कोणते? दर रविवारी मिस्सामध्ये आपण ज्याचा अंगीकार करतो, तेच का? की नाव तेवढे तेच आणि आशय निराळा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी संगीतकाराच्या आयुष्याकडे पाहणे अगत्याचे आहे.

माहलरचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियातील कालिश्ते ह्या खेड्यात एका यहुदी कुटुंबात झाला. वडील मद्यविक्रीचा व्यवसाय करीत. आईवडिलांना चौदा अपत्ये झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक मोठी होण्यापूर्वीच दगावली. घरातून लहानशी शवपेटी बाहेर पडण्याचे दृश्य ह्या मुलाला नवे नव्हते. १८७५ साली धाकटा भाऊ एर्न्स्ट तेरा वर्षांचा होऊन वारला; तो गुस्तावचा अत्यंत लाडका होता. पुढे १८८९ ह्या एकाच वर्षात वडील, एक बहीण आणि आई असे तिघे गेले. माहलरने मृत्यू ग्रंथांतून अभ्यासला नव्हता. तो त्याच्या घरी राहावयास होता.

सिंफनीचा पहिला भाग १८८८ साली लिहून झाला. तो म्हणजे एक विराट अंत्ययात्रा. १८९१ मध्ये माहलरने तो पियानोवर वाजवून हान्स फोन ब्यूलो ह्या ख्यातनाम संगीतनियोजकाला ऐकविला, तेव्हा ब्यूलोने चक्क कान झाकून घेतले. हे जर संगीत असेल तर आपल्याला संगीत कळत नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. माहलर खचला. १८९३ च्या उन्हाळ्यात त्याने मधले भाग रचले. परंतु शेवट काही केल्या सापडेना. अंत्ययात्रा तर निघाली, पण ती जाणार कोठे?

उत्तर मिळाले तेही एका अंत्यविधीत, आणि तो अंत्यविधी ब्यूलोचाच होता! २९ मार्च १८९४ रोजी हांबुर्गच्या संत मायकल चर्चमध्ये मुलांच्या गायकवृंदाने क्लॉपश्टॉक ह्या अठराव्या शतकातील जर्मन प्रॉटेस्टंट कवीचे पुनरुत्थानावरील गीत गायिले. ते ऐकताना आपल्यावर जणू वीज कोसळली आणि सारे लख्ख दिसले, असे माहलरने पुढे एका पत्रात कळविले आहे. त्याच उन्हाळ्यात अखेरचा भाग सिद्ध झाला आणि १३ डिसेंबर १८९५ रोजी बर्लिनमध्ये ही संपूर्ण कृती प्रथम सादर झाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत माहलरचा भाऊ ओटो ह्याने आत्महत्या केली होती, हेही ध्यानात ठेवावे.

कृतीचे एकूण पाच भाग आहेत. पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटे थांबावे, अशी सूचना माहलरने स्वरलिपीत लिहून ठेवली आहे. दफनानंतर जसे कोणी लगेच बोलू लागत नाही, तसेच हे. दुसरा भाग गतसुखाच्या आठवणीचा, संथ नृत्याच्या लयीतला.

तिसऱ्या भागाचा आधार मात्र आपल्या घरच्या संताचा आहे. मंगळवारच्या नोव्हेनाला आपण ज्यांच्याकडे धाव घेतो, ते पादुआचे संत अंतोनी! एका जर्मन लोकगीतात ते देवळात जातात, तर देऊळ रिकामे. म्हणून नदीकाठी जाऊन माशांना प्रवचन देतात. लहानमोठे सारे मासे मान वर करून तल्लीनतेने ऐकतात, आणि प्रवचन संपताच पूर्वी होते तसेच पोहत निघून जातात. माहलरने ह्या गीताचीच चाल येथे शब्दांवाचून विस्तारली आहे. सूर गोल गोल फिरत राहतात, कोठेही पोहोचत नाहीत. व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ह्या विनोदाची धार चांगलीच जाणवते. परंतु माहलरचे लक्ष्य केवळ प्रवचनकार नाही. जवळचे माणूस गेल्यावर जगाची सारी धावपळ जशी अर्थशून्य भासते, तो अनुभव येथे आहे. भागाच्या अखेरीस वाद्यवृंद अक्षरशः किंकाळी फोडतो.

त्या किंकाळीनंतर चौथ्या भागात प्रथमच मानवी आवाज येतो. एकटी गायिका अगदी साध्या, बालसुलभ शब्दांत सांगते की आपण देवाकडून आलो आहोत आणि देवाकडेच परत जाणार आहोत; वाटेत देवदूताने अडविले तरी मागे फिरणार नाही. पाच मिनिटांचा हा लहानसा भाग आम्हांस संपूर्ण कृतीचे हृदय वाटतो.

पाचव्या भागात पुन्हा तीच किंकाळी, मग थडगी उघडण्याचा गलबला आणि मृतांची मिरवणूक. येथे जाणत्या कानांना एक ओळखीची चाल भेटते. मृतांच्या मिस्सात शतकानुशतके गायिल्या गेलेल्या ‘दिएस इरे’ ह्या लॅटिन गीताचे आरंभीचे स्वर! द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९७० च्या मिस्साग्रंथातून ते गीत वगळण्यात आले. माहलरने ह्या न्यायाच्या स्वरांनाच लागून पुनरुत्थानाची धून गुंफली आहे, जणू एकाच वाक्याचे दोन अर्ध. मग दुरून, रंगमंचाबाहेरून, तुतारीची हाक येते. बासरी एखाद्या एकाकी पाखरासारखी उत्तर देते. आणि त्या निःशब्दतेत गायकवृंद, बहुधा बसल्या जागीच, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात गाऊ लागतो. हा क्षण ऐकून डोळे कोरडे ठेवणे कठीण आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. क्लॉपश्टॉकचे गीत पाच कडव्यांचे आहे. माहलरने त्यातील पहिली दोनच घेतली, ‘आलेलुया’ गाळले आणि पुढचे शब्द स्वतः लिहिले. ज्या कडव्यांत येशूचे नाव येते, ज्यात तो आपला मध्यस्थ म्हणून भक्ताला परमपवित्र स्थानी नेतो, नेमकी तीच कडवी गळली! शिवाय १९०१ साली द्रेस्डेन येथील कार्यक्रमासाठी केलेल्या विवरणात माहलर म्हणतो की ह्या शेवटी न्याय नाही, पापी नाही, नीतिमान नाही, शिक्षा नाही की बक्षीस नाही. आहे ती केवळ प्रेमाची जाणीव. आणि गीताच्या अखेरीस आत्मा उंच भरारी घेतो तो कोणाच्या बळावर? प्रेमाच्या ध्यासातून त्याने स्वतः मिळविलेल्या पंखांच्या बळावर.

येथे आम्हांस थांबावे लागते. आपली श्रद्धा सांगते की पंख मिळविता येत नाहीत, ते दान म्हणून मिळतात. ह्या दानालाच आपण कृपा म्हणतो. न्याय नको असलेली दया गोड वाटते खरी. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला आणि जो तसाच मातीत गेला, त्याला अशा दयेत काय मिळाले? आणि ज्या पुनरुत्थानात पुनरुत्थित प्रभूच नाही, त्याची हमी कोणी द्यावी? इतका भव्य कळस, परंतु त्याखालची समाधी रिकामी झालेली कोणी पाहिलेली नाही. कृतीच्या अखेरच्या गजरात आम्हांस जे किंचित अतिरेकी वाटते, त्याचे कारण हेच असावे. आवाज जितका वाढतो, तितकी खात्री आपणच आपली करून घेत असल्याचा भास होतो.

तरीही ही कृती बाजूला सारणे कोतेपणाचे ठरेल. संत योहानच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आठवावा. भावाच्या मृत्यूने शोकाकुल झालेली मार्था प्रभूला सांगते की शेवटल्या दिवशी आपला भाऊ उठेल हे आपल्याला ठाऊक आहे. ही इस्राएलच्या पूर्वजांची श्रद्धा. दानिएलच्या आणि मक्काबींच्या ग्रंथांत ती आढळते. त्यानंतर प्रभू तिला सांगतो की पुनरुत्थान म्हणजे एखादा दिवस नव्हे, तो स्वतःच आहे. एर्न्स्टचा भाऊ माहलर हा लाजरसच्या बहिणीच्या जागी उभा आहे. मार्थेचे पहिले उत्तर त्याने असे गायिले की त्याला तोड नाही. दुसरे उत्तर त्याच्या स्वरांत नाही. परंतु मार्थेचे पहिले उत्तरही प्रभूने तुच्छ लेखले नव्हते. ते हाती धरूनच त्याने तिला पुढे नेले.

माहलरने २३ फेब्रुवारी १८९७ रोजी हांबुर्गमध्ये कॅथॉलिक स्नानसंस्कार घेतला. व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराचे संचालकपद यहुदी माणसाला मिळणे जवळजवळ अशक्य होते आणि त्याच वर्षी ते पद त्याला मिळाले, म्हणून हा संस्कार निव्वळ सोयीचा होता असे अनेक चरित्रकार म्हणतात. अंतःकरणाचा न्याय आम्ही करू नये. न्याय करावयाचाच तर ज्या ख्रिस्ती समाजाने नोकरीच्या दारावर असा संस्कार दाखला म्हणून मागितला, त्याचा करावा. माहलर १८ मे १९११ रोजी वारला. पुढे नाझींनी त्याचे संगीत वर्ज्य ठरविले. त्याची भाची व्हायोलिनवादक आल्मा रोझे हिला आउशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. तेथील स्त्रीकैद्यांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत असतानाच १९४४ साली तिचा मृत्यू झाला. ह्यानंतर न्यायावाचूनचे पुनरुत्थान पुरेसे वाटत नाही, असे आम्ही म्हणतो ते धर्मशास्त्राच्या हट्टापायी नव्हे.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झाली, तेव्हा दोनच दिवसांनी लेनर्ड बर्नस्टाइनने दूरचित्रवाणीवर हीच सिंफनी सादर केली. शोकात बुडालेल्या राष्ट्राला शोकगीतापेक्षा हिचीच गरज आहे, हे त्याने ओळखले. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता ह्यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७५ साली केलेले ध्वनिमुद्रण नव्या श्रोत्यास उत्तम वाटाड्या ठरेल.

ही सिंफनी ईस्टरच्या सकाळी ऐकण्याची नव्हे. ती पवित्र शनिवारची आहे, किंवा दोन नोव्हेंबरची, कबरीवर फुले वाहून घरी परतल्यावरची. अंत्यविधीत आपण सांत्वनाचे शब्द फार लवकर उच्चारतो. माहलर तासभर थांबतो, किंकाळीही फोडू देतो आणि मगच आशेला हळू आवाजात बोलू देतो. त्याने न गायिलेली कडवी आपल्याला पाठ आहेत. परंतु ती गाण्यापूर्वी इतके थांबावे, हे मात्र त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.