'स्मृतिचित्रे' : प्रपंचातील अनासक्तीचे एक पुस्तक

ख्रिस्ती जीवनातील अनासक्तीचा विषय निघाला की प्रवचनांतून आणि धार्मिक लेखनातून ठरावीक नावे पुढे येतात. असिसीचे संत फ्रान्सिस बिशपांसमोर अंगावरची वस्त्रेदेखील उतरवून बापाला परत करतात. ईजिप्तचे संत अँथनी चर्चमध्ये श्रीमंत तरुणाचे शुभवर्तमान ऐकतात आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकतात. ही उदाहरणे थोर आहेत यात शंका नाही. मात्र ती बहुतेक संन्यस्तांची आहेत, आणि ती सांगणारे लेखकही संन्यस्तांकडेच डोळे लावून बसलेले असतात. संत अथनासियस यांनी लिहिलेल्या चरित्रात अँथनी आपल्या धाकट्या बहिणीसाठी थोडी मत्ता राखून ठेवतात. पुढे तीही वाटून टाकतात आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन करून निघून जातात. ही बहीण पुढे स्वतःच इतर कुमारिकांची मार्गदर्शक झाली, असे चरित्रकार आवर्जून नोंदवितात. परंतु भाऊ निघाला त्या दिवशी तिच्या मनात काय आले, याविषयी एक अक्षरही नाही. त्यागाच्या कथा त्याग करणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. मागे उरलेल्या माणसाची बाजू लिहिली जाणे दुर्मीळ.

मराठी ख्रिस्ती साहित्यात ती बाजू लिहिली गेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे आजवर उत्कृष्ट आत्मचरित्र म्हणून, स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून, भाषेच्या घरगुती गोडव्यासाठी पुष्कळांनी पाहिले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक अनासक्तीविषयीचे पुस्तक म्हणूनही वाचता येते, किंबहुना तसे ते वाचले जावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेतले. पण या प्रश्नापुरता पंथभेद आड येण्याचे कारण नाही. चूल, मुले, कर्ज आणि पाहुणे दोन्हीकडे सारखेच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे जातीचे विरक्त. हातात आलेला पैसा घरी पोचेल याचा भरवसा नाही; कोणाची अडचण दिसली की खिसा रिकामा. मनात आले की न सांगता घर सोडून जायचे, आणि कुठे आहेत हे कळायलाही दिवस लागायचे. कवीच्या चरित्रकाराने हे सारे 'औदार्य' आणि 'फकिरी वृत्ती' या दोन शब्दांत गुंडाळले असते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या प्रसंग सांगतात; डब्यात काय होते आणि काय नव्हते ते सांगतात; दारात आलेल्या माणसापुढे काय ठेवले ते सांगतात. तक्रारीचा सूर कुठे नाही, पण हिशेब मात्र चोख आहे. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की एकाच्या निःस्पृहतेची किंमत दुसऱ्याने मोजली आहे.

आपल्या मातीत हा प्रश्न नवा नाही. तुकोबांनी कर्जखतांची वाटणी करून धाकट्या भावाचा हिस्सा त्याला दिला आणि स्वतःच्या हिश्श्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही, हा तपशील मला त्या कथेचा प्राण वाटतो. पण आवलीचा वाटा कोणता होता? परंपरेने तिला कजाग ठरवून विषय मिटविला. आवलीने 'स्मृतिचित्रे' लिहिली असती, तर मराठी भक्तिपरंपरेविषयी आपण आज थोडे वेगळे बोललो असतो.

प्रभू येशूने या बाबतीत एक कसोटी दिली आहे, ती आपण फारशी आठवीत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांना 'कुर्बान'वरून खडसावतो. आईबापांना जे द्यावयाचे ते देवाला अर्पण केले असे म्हणून मोकळे होणाऱ्याला देवाची आज्ञा मोडल्याचा दोष लागतो. अर्थात, जे माझे आहे तेच मी सोडू शकतो. जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे ते सोडण्याला त्याग म्हणत नाहीत. या कसोटीवर टिळकांचे सर्वच प्रसंग उतरत नाहीत, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांच्या काव्याची आणि ख्रिस्तभक्तीची थोरवी त्याने उणी होत नाही. मात्र समीक्षकांनी त्यांच्या प्रत्येक लहरीवर वैराग्याची झूल चढविण्याचे थांबवावे. खुद्द लक्ष्मीबाईंनी ती चढविलेली नाही, आणि नवऱ्यावरचे प्रेम त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

परंतु पुस्तकाचे खरे बळ याहून पुढे आहे. टिळक ज्या गोष्टी सोडीत होते त्या सोडणे त्यांच्या स्वभावाला सोपे होते. पैशाचा मोह ज्याला नाही त्याने पैसा देऊन टाकणे ही कितीशी मोठी तपश्चर्या? लक्ष्मीबाईंना जे सोडावे लागले ते त्यांच्या हाडीमांसी खिळलेले होते. ते म्हणजे सोवळे. पुस्तकाच्या आरंभीच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे चित्र येते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा त्या घराचा खाक्या. त्या चित्रात विनोद ओतप्रोत आहे, पण याच घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, त्याही आपले खाणेपिणे वेगळे ठेवून. नवरा चालेल, नवऱ्याच्या हातचे पाणी चालणार नाही!

आणि मग एक दिवस, कोणाच्या उपदेशावाचून, त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसांच्या देहांत काही तरी भेद दिसला असता; जन्म सारखा, मरण सारखे, मग हा भेद आला कुठून? विचार पुरा होतो आणि त्याबरोबर निर्णयही होतो, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. बाप्तिस्मा यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे चर्चने त्यांच्याकडून सोवळे सोडवून घेतले नाही. ते आपल्या हातांनी सोडून त्या चर्चच्या दारी आल्या. सबंध मराठी गद्यात इतक्या मोठ्या सुटकेचे इतके साधे वर्णन मी तरी वाचलेले नाही. ना प्रकाशाचा झोत, ना अश्रू. एखाद्या गृहिणीने निवडता निवडता खडा बाजूला टाकावा, तसे.

येथे संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. ख्रिस्तासाठी आपण सर्व काही तोटा मानले, असे पौल तेथे म्हणतो, आणि हे वचन आपल्याकडे बहुधा धनदौलतीला लावले जाते. पण पौलाने दिलेली यादी काय आहे? जन्म इस्राएल वंशातला, कुळ बन्यामिनाचे, सुंता आठव्या दिवशी, आचार परूश्याचा. घर, शेत, सोने यांचा त्यात उल्लेख नाही. पौल सोडतो आहे ते कुळ आणि सोवळे. लक्ष्मीबाईंनीही तेच सोडले. १९५० साली 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद निघाला, त्याला जोसेफिन इंक्स्टर यांनी 'आय फॉलो आफ्टर' असे नाव दिले. नवऱ्याच्या पाठोपाठ जाणारी पत्नी, असा त्याचा अर्थ वाचक चटकन घेतो. मात्र हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलात याच अध्यायाच्या बाराव्या ओवीत आहेत, आणि तेथे ज्याच्या मागे जायचे तो ख्रिस्त आहे.

आपण कॅथलिकांनी हा भाग वाचून केवळ ब्राह्मणी सोवळ्याला हसावे, असे मुळीच नाही. गोव्यात बामण, चार्डो, सुदीर हे भेद चारशेहून अधिक वर्षांच्या ख्रिस्ती जीवनानंतरही सोयरीक जुळविताना आठवतात; त्या भेदांनी एके काळी चर्चमधील बंधुसंघांचीही वाटणी केली होती. वसईतही मुलीला स्थळ सांगून आले की कुपारी, वाडवळ की कोळी, हे विचारल्यावाचून पुढचे बोलणे होते काय? उपवासकाळात चाळीस दिवस मांस सोडणारे घर हा प्रश्न विचारण्याचे सोडीत नाही. दानपेटीत नोट टाकणे तुलनेने सोपे आहे.

पुस्तकाची एक उणीव सांगावयास हवी. संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन किंवा अविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र वाचलेल्या वाचकाला येथे प्रार्थनेचा अंतःप्रवाह फार क्षीण वाटेल. बाई देवाशी काय बोलल्या, कोरड्या काळात काय केले, हे जवळजवळ कळत नाही. प्रसंगांची इतकी गर्दी आहे की मन एकटे असे सापडतच नाही. काही टीकाकार याला संयम म्हणतात. मला ती उणीवच वाटते. मात्र एका बाबतीत त्या कोणाही अध्यात्मलेखकाच्या तोडीच्या आहेत. त्या स्वतःला हसतात. आपले अज्ञान, आपला हट्ट, आपली फजिती त्या परक्याची असावी तशी सांगतात. संत इग्नेशियस 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभी सृष्ट वस्तूंविषयी जी समवृत्ती मागतात, ती आरोग्य, धन, मान यांच्याबाबत. लक्ष्मीबाईंनी ती स्वतःच्या प्रतिमेलाही लावली आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला याहून अवघड काय असावे?

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. सोडण्याची त्यांची हौस अखेरपर्यंत टिकली. लक्ष्मीबाईंनी मात्र धरूनही ठेवले. घरात वाढविलेली परकी मुले, आणि बालकवी ठोंबऱ्यांसारखा मुलखाचा हूड कवी, ज्याच्या खोड्या त्यांनी आईच्या लटक्या रागाने टिपल्या आहेत, या साऱ्यांना त्यांनी कधी 'पाश' म्हटले नाही. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनाने थोड्याच अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ते हाती घेतले, आणि पुढचे बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.