माल कोणाचा, गोदाम कोणाचें?

भिवंडीजवळच्या पूर्णा गांवीं आज शेतांपेक्षां गोदामांचे पत्रेच अधिक दिसतात. या धंद्याचा एक साधा नियम गांवांतल्या पोरासही ठाऊक आहे: माल ठेवणाराचा, गोदामवाल्याचें फक्त भाडें. हाच नियम गाण्यांच्या व्यवहारास लावून पाहावा, असें आम्हांस वाटतें. कारण 'रॅप' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तालबद्ध कवनांच्या इतिहासांत गोदामवाल्यानेंच माल आपला म्हटल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

दूरचें उदाहरण प्रथम घेऊं. अमेरिकेंतील लाँग आयलंड येथील तिघा मित्रांच्या 'डे ला सोल' या मंडळीचा पहिला संग्रह 1989 सालीं 'टॉमी बॉय' कंपनीनें काढला. जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे जोडून शिवलेली ती गोधडी अपूर्व होती. परंतु त्या तुकड्यांच्या परवानग्या तबकडी व कॅसेट यांच्या काळांतल्या. पुढें इंटरनेटवरून गाणीं ऐकण्याचें युग आलें, तेव्हां करारांतील त्या शब्दांनींच वाट अडविली. 14 फेब्रुवारी 2014 रोजीं मंडळीनें आपलीं गाणीं 25 तास फुकट वाटलीं. आपलेंच कोठार आपणच लुटविण्याचा हा प्रसंग वरवर गमतीचा, पण मुळांत करुण आहे. 2021 सालीं कंपनी 'रिझर्व्हॉयर'च्या ताब्यांत गेली, आणि 3 मार्च 2023 रोजीं तीं गाणीं श्रोत्यांस पुन्हां भेटलीं. तिघांपैकीं डेव्हिड जोलिकर त्यापूर्वीं अवघे एकोणीस दिवस आधीं वारला होता. गाण्यांचें पुनर्मीलन झालें. गाणारांचें राहून गेलें.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. अंधेरीचा 'डिवाइन' व कुर्ल्याचा 'नेझी' यांचें 'मेरे गली में' 2015 सालीं 'सोनी म्युझिक'नें प्रसिद्ध केलें. पुढें दोघे आपापल्या वाटेनें गेले. 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटांत तें गाणें, आणि त्याबरोबर दोघांचे आवाज, पुन्हां एकत्र आले. पण नट रणवीर सिंग याचा आवाजही त्यांत येऊन बसला. आमच्या मतें मूळ गाणेंच सरस. लावणी कोणाच्याही गळ्यांतून शोभते. या कवनांतला 'मी' मात्र उसना घेतां येत नाहीं. ज्याची गल्ली, त्याचेंच तोंड हवें. त्याच वर्षीं डिवाइननें 'गली गँग' ही स्वतःची संस्था काढली, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

कंपन्या भांडवल घालतात, धोका पत्करतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. भाडें त्यांनीं अवश्य घ्यावें. आपल्या 1957 च्या कायद्यांत 2012 सालीं दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाच्या समान वांट्यास संरक्षण मिळालें, हें योग्यच झालें. तथापि ध्वनिमुद्रणाची मालकी मुळांत निर्मात्याचीच, आणि ती 60 वर्षें टिकते.

आमच्या भागांतील आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्याशीं कोणी करार करीत नाहीं, आणि तिचें गाणेंही कोणी कुलपांत ठेवीत नाहीं. त्या काळाकडे परतणें शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सही करण्यापूर्वीं नव्या कवींनीं एवढें तरी विचारावें, कीं किल्ली कोणाकडे राहणार? पूर्ण्याचा हमालही तें विचारल्यावांचून गोणी खालीं ठेवीत नाहीं.