पदर रेशमाचा, अंग सुताचं

कबनूरच्या कापड दुकानात एप्रिल-मे महिन्यांत बायकांचे हात पाहावेत. रंग आवडला तरी ठाण लगेच बाजूला काढलं जात नाही. आधी कापडाची कड दोन बोटांत घेऊन चुरगाळली जाते, मग उजेडासमोर धरली जाते. शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ या धंद्याला मिळालं, आणि मागांचा खडखडाट शीव ओलांडून कबनूरच्या गल्ल्यांतही आला. इथे विणणाऱ्याची मजुरी पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर ठरते. ज्या घरात पिकांवर पगार येतो, त्या घरातल्या माणसांना कापड वाचता येतं. उन्हाळ्यात कुठे काय घालायचं, याचं उत्तर मला या वाचनात सापडतं. शिलाईची फॅशन त्यानंतर येते.

केंब्रिकचं उदाहरण घेऊ. व्यापारी त्याला ‘साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी’ म्हणतात. उभा (ताणा) आणि आडवा (बाणा) दोन्ही धागे 60 नंबरचे, एका इंचात ताण्याचे 92 आणि बाण्याचे 88. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणून हे कापड कुठल्याच बाजूला ओढत नाही. अंगावर ते शांत पडतं. घरातला गाऊन, मुलीचा फ्रॉक, दुपारी भाजी निवडताना अंगात असलेला सैल कुर्ता यांना हेच शोभतं. पॉपलीनचा स्वभाव निराळा. त्यात ताण्याचे धागे बाण्याच्या दुपटीच्या आसपास जातात, त्यामुळे अंगभर बारीक आडव्या रेघा उमटतात आणि इस्त्रीची घडी टिकते. शाळेत शिकवायला जाणारी बाई किंवा बँकेत बसणारा माणूस पॉपलीन घेतो, ते या घडीसाठी.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो मलमल आणि वॉइल यांच्यातल्या फरकाचा. उजेडात धरली तर दोन्ही झिरझिरीत, लांबून पाहणाऱ्याला एकच वाटावीत अशी. पण मलमलीच्या धाग्याला पीळ कमी असतो. तो मऊ राहतो, धुण्यागणिक आणखी मऊ होतो आणि घाम आला की अंगाला बिलगतो. तान्ह्या बाळाच्या झबल्याला, आजीच्या दुपारच्या लुगड्याला तो बिलगणारा मऊपणाच हवा असतो. वॉइलच्या धाग्याला मात्र करकचून पीळ दिलेला असतो. पिळामुळे धागा आवळून बारीक आणि ताठ होतो, दोन धाग्यांमधली फट उघडी राहते आणि कापड अंगापासून किंचित सुटं उभं राहतं. त्या सुट्या जागेतून वारा खेळतो. भर उन्हात स्कूटीवरून इचलकरंजीला जाणारी मुलगी डोक्या-तोंडाला ओढणी गुंडाळते, तेव्हा श्वास कोंडत नाही तो या पिळामुळे. पाहणाऱ्याला न दिसणारी एवढी कारागिरी एका साध्या ओढणीत असते!

खरी पंचाईत लग्नसराईची. मे महिन्याची दुपार, पत्र्याचा मांडव, आणि अंगावर भरजरी काहीतरी हवंच. पॉलिएस्टरची जॉर्जेट चमकते आणि स्वस्तही पडते. पण साधारण हवेत शंभर ग्रॅम सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा पोटात घेतं, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. अक्षता पडेपर्यंत त्या साडीतला जीव गुदमरतो. आपल्या सीमाभागाने यावर फार सुंदर तोड काढली आहे, ती इरकल साडीत.

सुती अंगाची इरकल घडी मोडून नीट बघावी. अंगाला लागतो तो सगळा भाग सुती, गडद, बारीक चौकटींचा किंवा रेघांचा. पदर मात्र रेशमी, लालभडक, त्यावर देवळाच्या शिखरांसारखे दिसणारे पांढरे टोपपदराचे पट्टे. दोन्हींचा ताणा वेगळा. सुताचा एकेक फास रेशमाच्या फासात अडकवून ते जोडतात, आणि त्या जोडाला कोंडी म्हणतात. बोट फिरवलं की तिथे एक बारीकशी गाठीची रांग लागते. तिच्या एका बाजूला घाम टिपणारं सूत, दुसऱ्या बाजूला चारचौघांत मिरवणारं रेशीम. कंबरेला, पाठीला जिथे उकाडा सोसायचा तिथे साधेपणा, आणि खांद्यावर जिथे नजरा पडतात तिथे थाट. समारंभ आणि ऋतू दोघांचाही मान एकाच वस्त्रात राखलेला मला तरी दुसरीकडे क्वचितच दिसला.

आता मुली इरकलीचे कुर्ते शिवून घेतात. त्याबद्दल नाक मुरडावंसं मला वाटत नाही. कापड रोजच्या अंगावर आलं तरच ते विणलं जाईल. फक्त शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. लाल पदर छातीवर किंवा बाहीवर घ्यावा, कोंडीची रेघ कात्रीखाली जाऊ देऊ नये. आणि आत अस्तर लावायचंच असेल तर चकचकीत पॉलिएस्टरचं नको, केंब्रिकचं लावा म्हणावं, साठ-साठचं. कबनूरच्या आसपास ते मागावरून नुकतं उतरलेलं मिळतं. शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढायला मात्र विसरू नये, नाहीतर पहिल्याच धुण्याला अस्तर आखडून कुर्ता वर ओढला जातो.